रांगेत ठेवलेली पिशवी

परत आल्यापासून आमच्या बदलापूरच्या खरवईतल्या बायका मला एकच गोष्ट विचारतात. तिकडे एकटी फिरलीस म्हणे, भीती नाही वाटली? वाटली. पण ज्याची वाटायला हवी होती त्याची वाटली नाही, आणि नको त्याची वाटली. प्रत्येकीला वेगळं सांगून तोंड दुखायला लागलं, म्हणून लिहून काढते. माझं शिक्षण चौथीपर्यंत. पुढचं आयुष्य विठ्ठलवाडीच्या चाळीत आणि उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात धागे कापण्यात गेलं, खरवईला आले ती नंतर. तेव्हा यात विद्वत्ता शोधू नका.

माझी मुलगी प्रज्ञा आणि जावई मिलिंद ओसाकाला राहतात. जपानातलं मोठं शहर आहे. दोघं नोकरी करतात. प्रज्ञाला उशिरा दिवस राहिले, त्याआधी एकदा राहिलेले टिकले नव्हते. म्हणून मी गेले. तीन महिन्यांचा व्हिसा मिळाला. उल्हासनगरच्या सिंधी दुकानदाराकडून डिंक आणि खारीक घेतली. जपानला चालले म्हटल्यावर तो म्हणाला, "अम्मा, उधर सब मिलता है, बस ये नहीं मिलता." तेवढं एक त्याचं खरं निघालं.

विमानाचं काही सांगत नाही. बसायचं, पाय सुजवायचे, उतरायचं.

घर

प्रज्ञाचं घर तिसऱ्या मजल्यावर, खोल्या आपल्या चाळीएवढ्याच, फक्त भाडं ऐकलं तर झोप येणार नाही. दाराजवळ खुंटीला एक लाल पिशवी टांगलेली होती. मला वाटलं कोणी गावाला निघालंय. प्रज्ञा म्हणाली, ती भूकंपाची पिशवी. आत पाणी, बॅटरी, बिस्किटं, औषधं, कागदपत्रांच्या झेरॉक्स. जमीन हलली की ती उचलायची आणि जवळच्या शाळेच्या मैदानात जायचं. तिथल्या घरोघरी अशी पिशवी असते म्हणे. आमच्याकडे बदलापुरात नदीचं पाणी घरात शिरलं तेव्हा मी रेशनकार्ड आणि गॅसचं पुस्तक शोधत गुडघाभर पाण्यात उभी होते. पाणी दरवर्षी चढणार हे ठाऊक असून पिशवी कोणी भरली नव्हती. त्यानंतरही भरली नाही. हे मी दुसऱ्याला नाही, स्वतःलाच सांगते आहे.

खायचं मला जड गेलं नाही. तिथे सुकी मासळी मिळते, आपल्या सुकटीसारखी बारीक. मी लसूण घालून परतली. प्रज्ञा सगळ्या खिडक्या लावत सुटली, बिल्डिंगमध्ये वास जाईल म्हणून. मी म्हटलं, मासळी त्यांची, लसूण त्यांचा, वास तेवढा माझा कसा?

तिथल्या दवाखान्यात बाळंतिणीजवळ एकालाच थांबू देतात, आणि ते नाव आधी लिहून द्यावं लागतं. प्रज्ञाला मी हवी होते. मिलिंदला रक्त तपासायला सुई टोचली तरी घाम फुटतो. पण मिलिंदची कंपनी कोबेला, प्रज्ञाचं ऑफिस भलतीकडे, आणि कळा कधी कुठे सुरू होतील त्याचा नेम नाही. मला दवाखान्यात एकटीने पोचता आलं तरच माझं नाव. नाही तर मिलिंदचं. प्रज्ञाने हे तोंडावर सांगितलं. माझीच मुलगी आहे.

मला ते नाव हवं होतं. प्रज्ञाच्या वेळी तिचे वडील अंबरनाथला पाळीवर होते आणि मी विठ्ठलवाडीहून एकटी रिक्षात बसून दवाखान्यात गेले होते. तिथे माझ्या बाजूने बोलायला कोणी नव्हतं. मुलीच्या वेळी तसं नको, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

रस्ता

प्रज्ञाने मला रस्ता शिकवला. जमिनीखालच्या रेल्वेला तिथे मेट्रो म्हणतात. प्रत्येक लाइनीचा एक रंग, आणि प्रत्येक स्टेशनाला एक इंग्रजी अक्षर आणि नंबर. नाव वाचता आलं नाही तरी चालतं. आकडा वाढतोय की कमी होतोय ते बघायचं. उलटा चालला तर उतरायचं. बाहेर पडायच्या दरवाजांनाही नंबर. चौथी पास बाईला पुरेल अशी ती सोय आहे. ज्याने कोणी ती केली, त्याच्या घरी माझ्यासारखी आई असणार.

मेट्रोतून उतरून बस. बसमध्ये मागून चढायचं, पुढून उतरायचं, आणि उतरताना कार्ड टेकवायचं. चालत्या बसमध्ये उठायचं नाही. मी थांबा यायच्या आधीच दाराशी जाऊन उभी राहिले, आपल्या सवयीने. ड्रायव्हर माइकवरून काहीतरी बोलला आणि बस जिथल्या तिथे हळू केली. प्रज्ञा म्हणाली, आई, तू बसेपर्यंत तो नीट चालवणार नाही.

सरकत्या जिन्यावर ओसाकात उजवीकडे उभं राहतात. डावी बाजू घाई असलेल्यांची. मी पहिले दोन दिवस डावीकडे उभी राहिले. मागे माणसं तुंबली, पण कोणी हूं की चूं केलं नाही. उल्हासनगरला एव्हाना "ओ मावशी, सरका ना" म्हणून खांद्याला धक्का लागला असता. राग आला असता, पण चूक कळली असती. तिथे कोणी बोलत नाही, त्यामुळे आपण चुकतोय हे कळायलाच वेळ लागतो. परक्या माणसाला हे जड जातं. बाकी चोर-लफंग्यांची भीती मी घरून बांधून नेली होती, ती तशीच परत आणली. खरी भीती सायकलची. फुटपाथवरून येतात, घंटी वाजवत नाहीत, अंगाला वारा लागला की समजायचं गेली. जायचं असेल त्यांनी सरळ रेषेत चालावं, मध्येच वळू नये.

आणखी एक. पासपोर्ट अंगावर ठेवावा. बाहेरच्या माणसाकडे पोलीस कधीही मागू शकतात. मी कापडी थैलीत घालून परकराच्या नाडीला बांधला. प्रज्ञाला लाज वाटली. पुढे त्यानेच काम केलं.

पिवळा झेंडा

घराजवळच्या चौकात सकाळी एक म्हातारी पिवळा झेंडा घेऊन उभी असायची. माझ्याच वयाची, पाठ थोडी वाकलेली. शाळेची पोरं रस्ता ओलांडतात तेव्हा झेंडा आडवा धरायची. पगार नाही, कोणी सांगितलेलं नाही, स्वतःहून. पहिल्याच दिवशी मी तिच्यासमोर लाल सिग्नलला चालायला लागले. रस्त्यावर एक गाडी नव्हती. तिने झेंडा माझ्या पोटासमोर आडवा घातला आणि शिवाय वाकून नमस्कार केला. मला राग आला. मी मराठीत म्हटलं, रिकाम्या रस्त्याला कसली एवढी भीती? तिने मागे बोट केलं. दप्तरं पाठीला लावून चार-पाच पोरं उभी होती आणि माझ्याकडे बघत होती.

मग समजलं. मला गाडीखाली जाण्यापासून नव्हतं अडवलं तिने. मी त्या पोरांना काय शिकवत होते, ते अडवलं होतं.

त्यानंतर आमची ओळख वाढली. भाषा नाही, त्यामुळे भांडणही नाही. मी तिला डिंकाचा लाडू दिला, तो तिने दोन्ही हातांनी घेतला. दुसऱ्या दिवशी तिने मला रेशमी कापडाची छोटी पुरचुंडी दिली. प्रज्ञाने वाचून सांगितलं, बुद्धाच्या देवळातली आहे, रस्त्यावर अपघात होऊ नये म्हणून जवळ ठेवतात. आमच्या घरी दीक्षा घेतली तेव्हा माझ्या सासऱ्यांनी घरातले सगळे गंडेदोरे काढून टाकले होते. एवढं लांब बुद्धाच्या देशात यावं आणि बुद्धाच्याच दारात ताईत मिळावा. मी प्रज्ञाला म्हटलं, तथागत काही सिग्नल बघत नाहीत, तो आपल्यालाच बघावा लागतो.

"आई, तो ताईत नाही. तिने तुला लाडवाच्या बदल्यात काहीतरी दिलंय," प्रज्ञा म्हणाली आणि ती पुरचुंडी तिने भूकंपाच्या पिशवीशेजारी टांगली. मी काढली नाही. पण जवळही ठेवली नाही. या बाबतीत माझं मत अजून तेच आहे, फक्त देणारीबद्दल वेगळं झालं.

पिशवी

मग परीक्षेचा दिवस आला. प्रज्ञा तपासणीसाठी परस्पर ऑफिसातून दवाखान्यात जाणार होती आणि मी घरून एकटीने तिथे पोचायचं होतं. नाव त्याच दिवशी लिहून द्यायचं होतं. मी माझी नेहमीची पिशवी घेतली. जीन्सच्या तुकड्यांची मीच शिवलेली, दोन बंद, चेन. आत फोन, पत्त्याचा कागद, लाडवाचा डबा, पाणी, शाल.

मेट्रो बरोबर पकडली. आकडे कमी होत गेले तसं मला बरं वाटत गेलं. बरोबर दरवाजातून वर आले. बसथांब्यावर चार माणसं रांगेत उभी होती. मी पाचवी. बस यायला वेळ होता आणि मला लघवीला लागली होती. मग मी तेच केलं जे जन्मभर केलंय. माझी पिशवी रांगेत जमिनीवर ठेवली, पुढच्या माणसाला खूण केली की मी आहे, आणि स्टेशनात गेले.

विठ्ठलवाडीला चाळीच्या नळावर माझा हंडा पहाटेपासून रांगेत असायचा आणि मी घरात भाकऱ्या भाजत असायचे. हंडा नसेल तर वीट. रॉकेलच्या रांगेत डबा, बस डेपोत पिशवी. वस्तू ठेवली की माणूस उभा आहे असं सगळे धरतात. पुढची बाई सरकली की पायाने आपला हंडाही पुढे सरकवते. भांडणं होतात, पण ती हंडा सरकवला नाही म्हणून होतात.

तिथल्या संडासाबद्दल बायका फार विचारतात, म्हणून सांगते. भिंतीवर बटणंच बटणं. एक दाबलं तर पाणी वाहिल्याचा नुसता आवाज आला, पाणी नाही. दुसरं दाबलं तर नको तिथे पाणी. खरं बटण सापडेपर्यंत मी घामाघूम झाले. बाहेर आले तर बस निघून गेलेली, रांगेत वेगळी माणसं, आणि पिशवी नाही.

फोन गेला, पत्ता गेला. मी त्या रांगेवर ओरडले. मराठीत, मग हिंदीत. माझी पिशवी कोणी घेतली? जपानात चोऱ्या होत नाहीत म्हणून सांगतात आणि म्हातारीची पिशवी उचलता? माणसं खाली बघायला लागली. मला तेव्हा पिशवीचं दुःख नव्हतं. मिलिंदचं नाव लिहिलं जाणार, ते दिसत होतं.

रांगेतली एक मास्क लावलेली बाई पुढे आली. मी हातांनी पिशवीचा आकार दाखवला. तिने मान हलवली आणि मला चल अशी खूण केली. तेवढ्यात तिची बस आली. ती चढली नाही. मला कोपऱ्यावरच्या एका लहानशा खोलीपर्यंत घेऊन गेली. दाराला लाल दिवा. पोलीस चौकी. ते बघून मी मागे सरले. आपल्याकडे बाई चौकीत जाते ती काही शोभेचं काम घेऊन जात नाही. पण काचेतून आत टेबल दिसलं आणि टेबलावर माझी निळी पिशवी.

चोरली नव्हती. बस गेली, माणसं चढली, पिशवी एकटी राहिली. कोणीतरी ती कोणाची विसरलेली वस्तू समजून उचलून आणून दिली होती. कोणी, ते मला आजवर माहीत नाही.

पोलीस तरुण होता. त्याने मला खुर्ची दिली. मग तो आपल्या फोनमध्ये बोलला आणि फोन मराठीत म्हणाला, "कृपया आपल्या वस्तूंचे वर्णन करावे." एवढं शुद्ध मराठी मला शाळा सोडल्यावर कोणी ऐकवलं नव्हतं. मी सगळं सांगितलं. फोन, शाल, पाणी, लाडू. लाडवापाशी त्याचा फोन अडकला. त्याने डबा उघडून बघितला, माझ्याकडे बघितलं. मी हाताने पोट मोठं करून दाखवलं, मग बाळ जोजवून दाखवलं. त्याने माझ्या पोटाकडे बघितलं आणि घाबरला. मग मी वळून थैलीतून पासपोर्ट काढला, तेव्हा गाडी मार्गावर आली. नाव जुळवलं, सही घेतली. माझी सही मराठीत. त्याने ती बराच वेळ पाहिली.

फोन हातात आला तेव्हा प्रज्ञाचे कितीतरी कॉल येऊन गेले होते. मी लावला.

"कुठे आहेस तू?"

"पोलिसात."

मग मी सगळं सांगितलं.

"पण पिशवी तिथे ठेवलीस कशाला?"

"नंबर लावला."

फोनमध्ये हुंदक्यासारखं काहीतरी ऐकू आलं. मला वाटलं रडते. ती हसत होती. तिने लहानपणी नळावर हंडे राखलेत, तिला सांगावं लागलं नाही. हसून झाल्यावर म्हणाली, तिथेच बस, मी टॅक्सीने येते. मी म्हटलं, येऊ नकोस. तू आलीस तर मी पोचले असं होणार नाही.

पोलिसाने थांब्यापर्यंत सोबत केली. या वेळी पिशवी खांद्याला.

दवाखान्यात पोचले तेव्हा तपासणी संपली होती. प्रज्ञा बाकावर बसून होती, हातात कागद. मी शेजारी बसले. म्हटलं, मिलिंदरावांचं लिही. खोटं बोलून काय फायदा, मी चुकले ते चुकले.

"तुझंच लिहिलंय," ती म्हणाली. "मिलिंद हरवला तर नकाशा बघत तिथेच उभा राहील. तू हरवलीस तर ओरडशील."

सिग्नल

तो दिवस वेळेच्या आधीच आला. तपासणीला गेलेल्या प्रज्ञाला डॉक्टरांनी ठेवून घेतलं. कोबेहून मिलिंदचा फोन आला. आई, तुम्ही निघा. मी निघाले. मेट्रो, आकडे, दरवाजा, बस. बस हलत असताना उठले नाही. रांगेत स्वतः उभी राहिले, गुडघा ठणकत होता तरी.

दवाखान्यासमोर शेवटचा सिग्नल. लाल. रस्ता पार मोकळा, लांबपर्यंत एक गाडी नाही. समोर दार दिसतंय, आत माझी मुलगी एकटी. पाऊल उचललं होतं. शेजारी शाळेतून सुटलेल्या दोन लहान मुली होत्या, पिवळ्या टोप्या घातलेल्या. त्या थांबल्या होत्या. मी पाऊल मागे घेतलं. इतका लांब सिग्नल मी आयुष्यात पाहिला नाही. त्या मुलींचं नाव मला माहीत नाही, आणि मी का थांबले ते त्यांना माहीत नाही. हिरवा झाला, सिग्नलचा पाखरासारखा आवाज वाजला, आणि मी त्यांच्या पुढे धावत सुटले.

खोलीत सगळं शांत. तिथे बायका बाळंतपणातही ओरडत नाहीत म्हणे, शोभत नाही. प्रज्ञा ओठ चावून पडली होती, ओठातून रक्त आलेलं. नर्स प्रेमाने पाठ चोळत होती. मी जवळ गेले आणि तिच्या कानाशी म्हटलं, "ओरड. इथे कोणाला मराठी कळत नाही."

मग ती ओरडली. मिलिंदला, त्याच्या कंपनीला, मला, डॉक्टरांना, विठ्ठलवाडीच्या नळावर जे जे शिकली होती ते सगळं. नर्स मान डोलावत होती. मी हात धरून उभी होते. मुलगी झाली, नीट रडली. मिलिंद आला तेव्हा सगळं पुसून झालं होतं, तरी तो भिंत धरून बसला.

परत

व्हिसा संपत आला. नातीला तोवर मान धरता यायला लागली होती. निघायच्या दिवशी मिलिंदने बॅगा खाली नेल्या. झेंडेवाल्या बाईचा सकाळीच निरोप घेतला होता, ती वाकली, मीही वाकले. कमरेची वाट लागली, पण वाकले.

प्रज्ञा मुलीला घेऊन दारात उभी होती. पुन्हा कधी येशील, हे तिने विचारलं नाही आणि मीही काही कबूल केलं नाही. माझं वय काय, तिकीट काय, व्हिसा काय, दोघींना ठाऊक आहे. मी चपला घातल्या. तेवढ्यात तिची नजर खुंटीकडे गेली. लाल पिशवीच्या शेजारी, त्या रेशमी पुरचुंडीच्या खाली, माझी निळी पिशवी टांगलेली होती.

"आई, पिशवी विसरलीस."

"विसरले नाही," मी म्हटलं, "ठेवली आहे."